५.३४ सेकंदांचा मुलगा

रविवार, १६ एप्रिल २०२३ रोजी सकाळी साडेदहाच्या सुमारास एका निवासी फुटबॉल प्रशिक्षण केंद्राच्या भिंतीवर पहिल्या फेरीची यादी चिकटवली गेली आणि तीत आमच्या मुलाचे नाव नव्हते. तीस मीटर धावण्याच्या दोन संधी मिळाल्या होत्या, पहिलीत ५.४१ आणि दुसरीत ५.३४ सेकंद अशी त्याची वेळ लागली. पाच सेकंदांच्या आत आलेल्या मुलांनाच दुपारी चेंडूसह खेळवून पाहणार होते. धावण्याची चाचणी कॅनव्हासच्या बुटांवर झाल्यामुळे खास या दिवसासाठी १,८५० रुपयांना घेतलेले स्टडचे बूट पिशवीतून बाहेरच आले नाहीत. दुकानदाराने त्यांच्या टोकांत कोंबलेला कागद घरी आल्यावर मीच काढला. मुलगा तेव्हा बारा वर्षे पाच महिन्यांचा होता, मध्यफळीत उजव्या बाजूला खेळत होता, आणि त्या दिवशी त्याचा पाय चेंडूला एकदाही लागला नाही.

परतीच्या एसटीत माझे तिकीट अर्धे आणि त्याचे पूर्ण होते, कारण महिलांची सवलत नुकतीच, १७ मार्चपासून, सुरू झाली होती आणि त्याची बारा वर्षे पूर्ण झाली होती. एरवी या उलट्या हिशेबावर तो हसला असता. तो खिडकीकडे तोंड करून बसला होता आणि मी मोबाइलवर ‘हळू धावणारा मुलगा फुटबॉलमध्ये टिकतो का’ असे शोधत होते. जे सापडले त्यात एकतर परदेशी खेळाडूंचे कौतुक होते, नाहीतर वेग वाढवून देणाऱ्या शिकवण्यांच्या जाहिराती. आपण नेमके कोणाकडे जावे, कोणते कागद लागतात, किती पैसे आणि किती महिने जातात, हे कोणी लिहिलेले नव्हते. मी एका पतसंस्थेत हिशेब लिहिते. तारीख आणि आकडा टिपून ठेवण्याची सवय आहे. पुढचे बहुतेक त्या वहीतलेच आहे.

कोल्हापुरात फुटबॉल घराबाहेर ठेवता येत नाही. तालमींचे संघ, शाहू स्टेडियमवरचे सामने, हलगीचा आवाज आणि एकमेकांच्या पेठेची उणीदुणी हे सारे मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत आले, पण खेळ म्हणून तो कधी नीट पाहिला नव्हता. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, आणि त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरांनी फुटबॉल मागितला. अनिकेत आघाडीच्या फळीत खेळायचा. पोरांना तसेच व्हायचे होते, आमच्या प्रेक्षकांनाही चेंडू घेऊन सुसाट जाणारा खेळाडूच डोळ्यांत भरतो, आणि त्यामुळे आमचा मुलगा पाच वर्षे मैदानाच्या कडेला, बगलेवर, म्हणजे त्याच्या पायांना सर्वांत न झेपणाऱ्या जागी, खेळत राहिला.

चाचणीनंतरच्या बुधवारी मी त्याच्या प्रशिक्षक सरांना भेटले. मी नाराजीच्या सुरात बोलत होते, की चेंडू न देता फुटबॉलपटू निवडणे ही कुठली रीत आहे. सरांनी मला आधी शांत केले. दोनशेहून अधिक मुले, तीन प्रशिक्षक आणि एक सकाळ असेल तर स्टॉपवॉच हेच सर्वांत स्वस्त चाळण असते, आणि आकड्याशी पालकांना भांडता येत नाही, हे त्यांचे म्हणणे मला आवडले नाही, पण पटले. मग ते म्हणाले, “वहिनी, पोरगं हळू आहे, खोटं कशाला बोलू? पण मधल्या फळीत हळू असून चालतं. उशिरा असून चालत नाही. तुमचं पोरगं सध्या दोन्ही आहे.”

या बोलण्यातल्या शेवटच्या पाच शब्दांमुळे मी रात्रभर अस्वस्थ होते. आपला मुलगा हुशार असून केवळ पायांमुळे मागे पडतो, अशी माझी समजूत होती. सरांनी ती तपासायला मला कामच दिले. पुढच्या शनिवारी सराव सामन्यात मी पायरीवर वही घेऊन बसले आणि दोनच गोष्टी मोजल्या: चेंडू त्याच्याकडे येण्यापूर्वी त्याने मान वळवून मागे पाहिले का, आणि चेंडू आल्यावर तो सोडण्यापूर्वी किती वेळा पाय लावला. चाळीस मिनिटांत चेंडू त्याच्याकडे एकतीस वेळा आला. मागे पाहिले होते नऊ वेळा. पाय सरासरी चार वेळा लागत होता, आणि तेवढ्या वेळात कोणीतरी अंगावर येऊन चेंडू नेत होते. सरांनी वही पाहून मान डोलावली आणि म्हणाले, की ही नऊची वीस झाली तर आपण पुन्हा बोलू.

नंतर मी वाचले, की नॉर्वेतील संशोधक गेइर योर्देट यांनी हीच मोजणी मोठ्या खेळाडूंची चित्रफीत पाहून केली आहे. चेंडू मिळण्याआधी जे मध्यरक्षक वारंवार मान वळवून पाहतात, त्यांचे पुढे दिलेले पास अधिक वेळा योग्य माणसाकडे पोहोचतात, असे त्यांना आढळले; आणि स्पेनचा चावी एर्नांदेस, ज्याची उंची १७० सेंटिमीटर आहे आणि ज्याला कोणी कधी वेगवान म्हटले नाही, तो या बाबतीत फार वरच्या क्रमांकावर होता. एका गल्लीतल्या सरांनी पायरीवर बसवून मला जे मोजायला लावले, ते इतक्या दूरवर कोणी अभ्यास म्हणून करते, याचा मला आनंद झाला.

पण त्याआधी मी एक चूक केली आणि ती लिहिलीच पाहिजे, कारण बहुतेक पालक हीच करतात. वेग वाढवायचा म्हणून मे महिन्यात मी त्याला रोज पहाटे रंकाळ्याला फेऱ्या मारायला लावल्या. पाच आठवड्यांनी त्याची तीस मीटरची वेळ ५.३८ भरली, म्हणजे होती त्याहून वाईट, आणि उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली बोट लावले तरी तो कळवळू लागला. १९ जूनला फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. त्यांनी वाटीखालच्या हाडाचा उंचवटा दाबला, मांडीचा पुढचा स्नायू किती आखडला आहे ते पाहिले आणि ऑसगुड-श्लॅटर असे नाव सांगितले. उंची झपाट्याने वाढू लागण्याच्या वयात हाड आधी वाढते, स्नायू मागे राहतो, आणि तो जिथे हाडाला चिकटलेला असतो तिथे ओढ बसते. धावणाऱ्या-उड्या मारणाऱ्या मुलांत हे सर्रास दिसते आणि बहुधा वाढ थांबली की जाते. सहा आठवडे उड्या आणि जोरात धावणे बंद, रोज मांडीचे ताण देण्याचे व्यायाम, सरावानंतर बर्फ. दर भेटीला ४०० रुपये, अशा आठ भेटी झाल्या. बाईंनी मला एक गोष्ट जरा खडसावूनच सांगितली: लांब फेऱ्यांनी दम वाढतो, वेग वाढत नाही. वेगासाठी थोडे अंतर, पूर्ण जोर आणि पूर्ण विश्रांती लागते.

ते सहा आठवडे वाया जातील असे वाटले होते. प्रत्यक्षात खरे काम त्यातच झाले. आमच्या घरामागे एक बोळ आहे, त्याच्या टोकाला शेजाऱ्यांच्या गोठ्याची भिंत. मुलगा भिंतीवर चेंडू मारायचा आणि मी त्याच्या पाठीमागे सात-आठ पावलांवर उभी राहून हाताची काही बोटे वर करायची. चेंडू भिंतीवरून परत त्याच्या पायाशी येण्याच्या आत त्याने मान वळवायची, बोटे मोजायची, आकडा सांगायचा आणि सम असेल तर डाव्या पायाने, विषम असेल तर उजव्या पायाने चेंडू परत मारायचा. पहिल्या दिवशी त्याने तीन वेळा चेंडू गोठ्यात घातला आणि म्हशीने एकदा आमच्याकडे असे पाहिले, की आम्ही दोघेही खेळ थांबवून हसत बसलो. दुसऱ्या आठवड्यात मी बोटे बदलू लागले. तो वळून ‘चार’ म्हणेपर्यंत मी एक मिटायची आणि तो चिडायचा. त्याने पुन्हा पाहायला सुरुवात केली ती या चिडण्यातून. एकदा पाहून भागत नाही, चेंडू वाटेत असताना दुसऱ्यांदा पाहावे लागते, हे त्याला कोणी समजावून सांगितले नाही. याला खर्च शून्य आला. फक्त स्वयंपाकाला उशीर होई.

गुडघा बरा झाल्यावर, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, सरांनी त्याची जागा बदलली. बगलेवरून काढून त्याला बचावफळीच्या पुढे, मैदानाच्या मधोमध आणले. त्याला हे पदावनतीसारखे वाटले. घरी येऊन जेवला नाही. तेव्हा त्याच्या वडिलांनी त्याला आंद्रेआ पिर्लोची गोष्ट सांगितली. पिर्लो तरुणपणी आघाडीच्या मागे खेळायचा. २००१ मध्ये ब्रेशिया संघात ती जागा रॉबेर्तो बाज्जोची असल्यामुळे प्रशिक्षक कार्लो मात्सोने यांनी पिर्लोला बरेच मागे आणून खेळवले, पुढे मिलानमध्ये प्रशिक्षक अँचेलोत्ती यांनी त्याला तिथेच कायम ठेवले, आणि २००६ मध्ये इटलीने विश्वचषक जिंकला तेव्हा तो त्याच खोल जागेवरून खेळत होता. मागून खेळणाऱ्याच्या समोर सारे मैदान असते आणि त्याला कोणाला धावून मागे टाकावे लागत नाही. मुलगा त्या रात्री दहा वाजता जेवला.

तरीही या जागेवर हळूपणाची किंमत वेगळ्या प्रकारे मोजावी लागते, आणि ती कोणी सांगत नाही. चेंडू आपल्याकडे असेपर्यंत सारे ठीक असते. तो हरवला, की समोरचे वेगवान पोरगे याच्या बाजूने निघून जाते आणि मागे फक्त बचावपटू उरतात. नोव्हेंबरमध्ये शालेय सामन्यात असा एक गोल त्याच्यामुळे झाला. सरांनी उपाय म्हणून त्याला धावायला लावले नाही. आपला संघ चढाई करत असताना चार-पाच मीटर मागे, आपल्या गोलच्या दिशेला उभे राहण्याची सवय लावली. शर्यत लागण्यापूर्वीच पुढे असलेल्याला शर्यत सोपी जाते. शिवाय चेंडू घेताना पूर्ण समोर तोंड न करता अर्धे वळून उभे राहायचे आणि लांबच्या पायावर चेंडू घ्यायचा, म्हणजे वळण्यात जाणारा वेळ वाचतो. या दोन सवयींना पाच महिने लागले.

वेगावरही काम चालू ठेवले, आता शहाणपणाने. आठवड्यातून दोन दिवस, वीस मीटरच्या सहा धावा, प्रत्येकीनंतर पूर्ण दोन मिनिटे थांबणे. ही दोन मिनिटे पालकांना असह्य होतात, हात शिवशिवतात, पण थांबावे. २८० रुपयांचे स्टॉपवॉच घेतले. मोबाइलच्या घड्याळावर बोट दाबताना माझीच चूक ०.२ सेकंदांपर्यंत जात होती, म्हणून दोघांनी मोजून सरासरी काढावी हे उत्तम.

याच काळात कागदांचे प्रकरण उपटले. जानेवारी २०२४ मध्ये आम्ही दुसऱ्या एका केंद्राच्या चाचणीसाठी अर्ज भरत होतो. बाळंतपण माझ्या माहेरच्या गावी झाले होते आणि तिथून मिळालेल्या जन्मदाखल्यावर मुलाच्या नावाची जागा कोरी होती. शाळाप्रवेशाच्या वेळी कोणी विचारले नव्हते, त्यामुळे तेरा वर्षे आम्हीही पाहिले नव्हते. ज्यांची मुले लहान आहेत त्यांनी आज कपाट उघडून दाखला पाहावा. कायद्याप्रमाणे नोंदणीपासून बारा महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येते आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. आमच्याकडे दोनच वर्षे उरली होती. अर्ज, जुना दाखला, शाळेचे बोनाफाइड, दोघांचे आधार, आणि नोटरीकडून प्रतिज्ञापत्र २५० रुपयांचे. पहिली फेरी अर्ज देण्यात गेली, दुसरी संबंधित कर्मचारी रजेवर असल्याने फुकट गेली, तिसऱ्या फेरीत दाखला मिळाला तर त्यावर आडनावातला एक काना गायब होता. मी खिडकीपाशीच उभी राहून वाचला म्हणून तो त्याच दिवशी दुरुस्त झाला. घरी आणून वाचला असता तर चौथी फेरी होती. त्यानंतर आधारवरच्या माझ्या नावाचे स्पेलिंग दाखल्याशी जुळवायला आधार केंद्रात ५० रुपये आणि बारा दिवस. सारे पूर्ण व्हायला २ जानेवारी ते २१ फेब्रुवारी एवढा काळ लागला आणि त्या चाचणीची नोंदणी तोवर बंद झाली. विनंती केल्यावर पावतीच्या आधारे त्याला बसू दिले, हे मात्र नमूद केले पाहिजे. तो दुसऱ्या फेरीपर्यंत गेला. चार दिवसांनी ई-मेल आला: ‘तांत्रिक बाजू चांगली, शारीरिक तयारी अपुरी.’ २,४०० रुपये खर्च झाले. या वेळी तो रडला नाही. त्याने ‘तांत्रिक बाजू चांगली’ एवढेच शब्द वहीत उतरवून घेतले.

मला मात्र ‘शारीरिक’ हा शब्द टोचत राहिला. चाचणीच्या दिवशीच माझ्या लक्षात आले होते, की त्याच्या गटातल्या कित्येक मुलांना मिसरूड फुटली होती. गट जानेवारी ते डिसेंबर असा पाडला जातो. आमचा मुलगा नोव्हेंबरचा. एकाच वर्षी जन्मलेल्या दोन मुलांत जवळजवळ वर्षाचे अंतर असू शकते, आणि वयोगटांच्या निवडीत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुले जास्त दिसतात, ही जगभर अनेक खेळांत नोंदवली गेलेली गोष्ट आहे. मी दाराच्या चौकटीवर दर महिन्याच्या एक तारखेला पेन्सिलने उंचीची खूण करू लागले होते. जुलै २०२३ ची खूण १४६ सेंटिमीटरची आणि जुलै २०२४ ची १५३ ची आहे.

१ मे २०२४ ला महाराष्ट्र दिनाची सुट्टी होती. आदल्या मध्यरात्री चॅम्पियन्स लीगचा बायर्न म्युनिक विरुद्ध रेआल माद्रिद हा उपांत्य सामना झाला होता आणि सकाळी बाप-लेक त्यातला माद्रिदचा पहिला गोल पुन्हा पुन्हा पाहत होते. टोनी क्रूस मध्यरेषेच्या आसपास चेंडू घेऊन जवळजवळ चालतो आहे; तो हाताने पुढची एक रिकामी जागा दाखवतो, व्हिनिसियस तिकडे सुटतो, आणि चेंडू बायर्नच्या बचावफळीमधून नेमका तिथे जाऊन पडतो. पहिल्यांदा पाहताना मला फक्त व्हिनिसियस दिसला. मुलाने मागे नेऊन हात दाखवला. “आई, पळायचं त्याचं काम होतं,” तो म्हणाला. मला त्या दिवशी फुटबॉल थोडा कळला. त्यानंतर आम्ही क्षणचित्रे पाहणे सोडले, कारण त्यांत चेंडू असतो आणि चेंडूपासून दूर असलेला खेळाडू कापलेला असतो. मुलगा पूर्ण सामना लावायचा आणि पंधरा मिनिटे एकाच मध्यरक्षकाकडे पाहायचा. सर्जियो बुस्केट्सचे जुने सामने, क्रूसचे चालू, आणि गोव्याच्या ब्रँडन फर्नांडिसचे, ज्याची ओळख धावण्यापेक्षा पास आणि फ्री-किकमुळे आहे.

पुण्यातील एका क्लबच्या पंधरा वर्षांखालील संघाची चाचणी २९ आणि ३० जून २०२४ या शनिवार-रविवारी होती. अर्ज करण्यापूर्वी मी या वेळी फोन करून एकच प्रश्न विचारला: चेंडूशिवायच्या चाचणीत मुले बाद केली जातात का? पलीकडच्या गृहस्थांनी सांगितले, की धावण्याची वेळ नोंदवतात, पण दोन्ही दिवस प्रत्येकाला खेळवतात. हा प्रश्न मी पहिल्या वेळी विचारला असता तर अडीच हजार रुपये आणि तो एप्रिल महिना वाचला असता. शुक्रवारी दुपारी निघालो. सातारा-कागल रस्त्याच्या कामामुळे पुण्याला पोहोचायला साडेसात तास लागले. लॉजचे दोन रात्रींचे १,८०० रुपये झाले. आदल्या रात्री बाहेरचे तिखट काही खाऊ घातले नाही. घरून नेलेल्या दशम्या आणि केळी पुरली.

तीस मीटरला त्याची वेळ ४.९६ लागली. चौदा महिन्यांत ०.३८ सेकंद कमी झाले होते आणि तरीही बत्तीस मुलांच्या तुकडीत तो सव्विसावा होता. हे मुद्दाम लिहिते. तो वेगवान झाला नाही. पूर्वी इतका हळू राहिला नाही, एवढेच. दुपारी लहान मैदानावर पाच-पाच जणांचे खेळ झाले. पालकांना जाळीबाहेर बसवले होते. माझ्या वहीत त्या वीस मिनिटांत एकवीस चेंडू आणि अठरा वेळा मागे पाहिल्याची नोंद आहे. रविवारी पूर्ण मैदानावरच्या सामन्यात तो पस्तीस मिनिटे खेळला; दोन चांगले पास दिले, एकदा समोरच्या मुलाने त्याला साफ मागे टाकले. निरोप घेताना कोणी काही बोलले नाही. त्याच दिवशी दोन्ही पालख्या पुण्यात येत असल्याने रस्ते बंद होते आणि स्वारगेटपर्यंत आम्ही बराचसा चालत गेलो. एका दिंडीतल्या आजींनी त्याच्या खांद्यावरचे स्टड पाहून, “काय बाळा, तू पण पायी का?” असे विचारले, तेव्हा तो दोन दिवसांत पहिल्यांदा मोकळा हसला.

मग वाट पाहणे. निकाल दहा दिवसांत येणार होता. ५ जुलैला रात्री युरो स्पर्धेत यजमान जर्मनी स्पेनकडून जादा वेळेत २-१ ने हरली. तो क्रूसचा अखेरचा सामना ठरला. दहा दिवस झाले, पंधरा झाले. मी दोनदा फोन हातात घेऊन खाली ठेवला. १९ जुलैला निरोप आला की तो राखीव यादीत तिसरा आहे. राखीव यादीचा अर्थ काय घ्यावा, हे आम्हाला कळेना. शाळेतल्या पहिल्या घटक चाचणीचा अभ्यास त्याने सुरू केला आणि आम्ही विषय बंद केला. ६ ऑगस्टला संध्याकाळी, मी पतसंस्थेत रोकड जुळवत असताना, फोन आला: एक जागा आहे, दहा दिवसांत कागदांसह या.

त्या दहा दिवसांतले कागद असे होते. नाव असलेला जन्मदाखला, आधार, पालकांचे संमतीपत्र, वैद्यकीय प्रमाणपत्र, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे छायाचित्र. हे सारे क्लब भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस या ऑनलाइन नोंदणी प्रणालीत भरतो. आधार आणि दाखल्यावर नावांत एका अक्षराचा फरक असेल तर अर्ज परत येतो, असे तिथल्या व्यवस्थापकांनी सांगितले आणि मला जानेवारीतल्या त्या कान्याची आठवण झाली. शाळेचे काम जास्त किचकट निघाले. आठवीच्या मध्यावर शाळा सोडल्याचा दाखला, आणि विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदीच्या सरल प्रणालीत नव्या शाळेने मागणी पाठवल्यावर जुन्या शाळेने ती मंजूर करणे. ही मंजुरी अडकली तर मुलगा दोन्हीकडे अधांतरी राहतो. मुख्याध्यापिका बाईंनी ती माझ्यासमोर बसून केली. वसतिगृहाची अनामत हप्त्यांत घेतली गेली, ती मी भिशी उचलून भरली. त्याआधीचा चाचण्या, औषधोपचार, कागद आणि प्रवास यांचा खर्च, माझ्या रजा न धरता, बारा ते तेरा हजार झाला होता.

शेवटचा टप्पा वय पडताळणीचा होता. टीडब्ल्यू-३ या पद्धतीत डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे काढून हाडांच्या वाढीवरून वय ठरवतात. वय चोरणारी मुले पकडण्यासाठी ही तपासणी आहे, त्यामुळे काहीही खोटे नसताना मी घाबरले होते. अहवाल आला तेव्हा डॉक्टरांनी सहज म्हणून सांगितले, की दाखल्याप्रमाणे त्याचे वय तेरा वर्षे नऊ महिने असले तरी हाडे जेमतेम साडेबारा वर्षांची आहेत. उशिरा वाढणारा मुलगा आहे. म्हणजे गेले सोळा महिने तो ज्यांच्याबरोबर धावत होता, त्यातली कित्येक मुले शरीराने त्याच्याहून दोन-दोन वर्षे मोठी होती. मी त्यांना विचारले, की मग पुढे वेग येईल का. ते म्हणाले, थोडा येईल, किती ते हाडे सांगत नाहीत.

पहिल्या हंगामात तो चौदा सामन्यांपैकी पाचांत सुरुवातीपासून, चारांत बदली म्हणून खेळला आणि बाकीच्यांत बाकावर बसला. एका सामन्यात समोरच्या आठ नंबरच्या मुलाने त्याला तीनदा मागे टाकल्यावर त्याला मध्यंतरालाच बाहेर काढले. त्या रात्री फोनवर तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, की गोठ्याच्या भिंतीशी हल्ली कोणी खेळते का.

मे महिन्यात तो घरी आला. दाराच्या चौकटीवर १६० ची खूण झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर मी स्टॉपवॉच घेऊन तीस मीटरच्या टोकाला उभी राहिले, ४.८१ आले. मी वहीत लिहीत होते तेवढ्यात तो धापा टाकत परत आला आणि म्हणाला, “आई, तुझ्यामागं पिवळ्या शर्टातला एक माणूस कुत्रं घेऊन चाललाय. बघ.” मी वळून पाहिले. चालला होता.